परवानगी एक वाजेपर्यंत

हिवाळ्याबाहेर मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.
दिवाळी सरली की बर्डीच्या फुटपाथावर
ताडपत्रीखाली, स्वेटरांच्या राशीमागे
यांगझोम बसलेली असायची
आणि दर वर्षी मी भाव पाडायचे.
संक्रांत झाली की जागा रिकामी,
लोकरीचे दोन-चार धागे तेवढे गटाराच्या जाळीला.

आज दहा मार्च. पारा अडतीसवर.
संविधान चौकात ती उभी आहे
पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधून, डोळे बारीक करून,
आणि मला पहिल्यांदाच दिसतं
की तिलाही घाम येतो.

"मावशी, हे इथून पकडा न,
हवा लय येऊन राह्यली," तिची लेक म्हणते,
गोठणगावात जन्मलेली, गोंदियाला बी.कॉम. झालेली.
मी बॅनरचं टोक धरते.
काखेत पर्स, दुसऱ्या काखेत छत्री.
मूठ वर न्यायला हातच उरत नाही.

याआधी घोषणा दिल्या त्या महागाई भत्त्यासाठी,
जीपीओच्या फाटकावर, जेवणाच्या सुट्टीत.
तेव्हा सरकार समोरच होतं,
वरच्या मजल्यावर, पंख्याखाली,
आमचा आवाज वाढला की खिडकी लावून घेणारं.
या सरकारची खिडकी कुठाय?
दूतावास दिल्लीला,
आणि आम्ही सदतीस जण
रिझर्व्ह बँकेच्या भिंतीला ओरडून सांगतोय
की आमच्या डोंगरातून चालते व्हा.

'आमच्या' म्हणताना मी जरा अडखळते.
माझा डोंगर म्हणजे बर्डीची टेकडी.
तिथंही लष्कर वर्षातून दोन-तीनदाच
वर सोडतं.

सिग्नलला थांबलेला स्कूटरवाला विचारतो,
"कायचा मोर्चा हाय? पेन्शनचा काय?"
लेक सांगते.
"तिबेट? ते तं लय दूर हाय."
हिरवा लागतो.

लांब-जवळ मला शिकवू नका.
एकतीस वर्षं सॉर्टिंगला होते मी.
एकदा यांगझोमनं लिफाफा पुढे करून विचारलं होतं,
ल्हासाला किती तिकिटं लागतात.
पुस्तकात बघून सांगितलं. तिकिटं बरोबर होती.
पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.
परत आलेल्या पत्राला आमच्याकडे शिक्का असतो,
पत्ता अपुरा, मालक सापडत नाही, घेण्यास नकार.
याला काहीच नव्हतं.

हवालदार निमजे बोटानं माणसं मोजतात,
वहीत लिहितात, घड्याळ बघतात.

मग चष्मा लावलेला एक पोरगा कागद काढून
नावं वाचू लागतो.
त्यातलं मला एकही कळत नाही.
वयं मात्र तो हिंदीत वाचतो, बहुधा आमच्यासाठी,
म्हणून तेवढीच ऐकू येतात,
उन्नीस.
बाईस.
मध्ये एक शहर बस हॉर्न देत जाते.
अठारा.
एका नावाला यांगझोमच्या हातून बॅनर सुटतो.
एप्रनच्या टोकानं ती ओठ टिपते,
पुन्हा धरते.
तेवढ्यापुरता बॅनर माझ्याकडे कलतो.
मी विचारत नाही.
बावीस हिवाळे विचारलं ते एवढंच,
केवढ्याला देणार, शेवटचं सांग.

एक वाजतो.
बॅनरची गुंडाळी होते, काठ्या सुतळीनं बांधल्या जातात,
कुणीतरी सदतीस पेल्यांत ताक ओततं,
अडतिसावा निमजेंना.
"दिवाळीले याल न?" ते म्हणतात,
"पोराले हाफ बाह्यांचा पाह्यजे होता."
"आणते," यांगझोम म्हणते,
आणि त्यांचा पोरगा केवढा आहे
ते हातानं उंची दाखवून विचारते.

संध्याकाळी मुलाचा फोन. आवाज का बसलाय?
उन्हातून आले, सांगितलं.
मग भर गरमीत कपाट उघडून
डांबरगोळ्यांतून राखाडी स्वेटर काढला.
खालून दुसरं बटण वेगळं, तपकिरी.
मूळचं हरवलं होतं, तिनं समोर बसून हे लावून दिलं,
धागा दातांनी तोडला,
आणि त्या बटणापायी
मी वीस रुपये कमी दिले होते.